एका घरात चुली किती

४ ऑगस्ट
शहापूरला मीटिंग. सुपरवायझर मॅडमनी याद्या वाटल्या. बायकांना महिन्याला मिळतात ते पैसे आता सगळ्यांना नाय. तिजोरीत खडखडाट आहे म्हणे. एका घरात एकच लग्न झालेली बाई, बाकीच्या कट. नावं छाटायची कुणी, तर अंगणवाडी सेविकांनी. म्हणजे मी. निवडणुकीआधी ह्याच बायकांच्या दारात उभी राहून फॉर्म भरून घेतले होते. तेव्हा कुणी चूल विचारली नव्हती. आता रकाना आहे: कुटुंब एकत्र की विभक्त, चुली किती.
यादीत आमचं पण घर. मला मानधन आहे म्हणून मी नाय, पण दोघी जावा आहेत. मधली मंदा, धाकटी सुवर्णा. दोघींतली एक जाणार.

५ ऑगस्ट
घरी सांगितलं. मंदाचा भाकरी थापता हात थांबला. तिच्या पैशावर तिच्या पोरीचा, प्रियाचा शहापूरचा क्लास चाललाय, खर्डीवरून रेल्वेचा पास पण त्यातूनच. सुवर्णा पैशाचं काय करते ते माहीत नाय. विचारायचं कारण पण नाय.
मीच बोलले. तोंड शिवून ठेवायला हवं होतं. म्हटलं, पडवीत तीन विटा मांडा, झाली दुसरी चूल, मी विभक्त लिहिते. सगळे हसले. आमचे सासरे, आबा, तेवढे हसले नाहीत.
“चेष्टेत पण दुसरी चूल मांडू नये गो,” म्हणाले.
लिहिलं. चुली – दोन.

७ ऑगस्ट
निम्म्या गावाच्या पडवीत विटा. एका घरी तर चुलीत राख पण नव्हती. मीच सांगितलं, चिमूटभर तरी टाका.
वरच्या आळीत एका सासूला खोटं जमलं नाय. चूल एक, सुना दोन. मी विचारलं, कुणाचं नाव ठेवू? म्हातारी म्हणाली, धाकटीचं काढ, तिला पोर नाय. धाकटी तिथंच तांदूळ निवडत होती. मान वर केली नाय तिने. मी नाव काढलं. जेवण गेलं नाय मला.

११ ऑगस्ट
नवीन फर्मान. नुसती चूल नको, रेशनकार्ड पण वेगळं पाहिजे. आणि चूल बघायला मॅडम कधीही येतील.
सुवर्णाचा नवरा नितीन, माझा धाकटा दीर, शहापूरला जाऊन कार्ड फोडून आला. ऑफिसबाहेर ही रांग. एक एजंट पटापट कागद करून देतो. हाच बाबा दुपारनंतर प्लॉटचे व्यवहार करतो. बायकांचं काय व्हायचं ते होवो, त्याचं दुकान जोरात आहे.
आबांचं नाव कुठल्या कार्डावर, हे नितीनने उभ्या उभ्या विचारलं. आबा म्हणाले, घाला कुठं पण. आमच्यावर घातलं.

१९ ऑगस्ट
मॅडम येतील म्हणून सुवर्णा रोज पडवीत रांधते. आधी नुसता भात लावायची. आज करटोलीची भाजी केली, तिच्या माहेरी वैशाखऱ्याला करतात तशी, झणझणीत. आबांच्या पोटासाठी आमच्यात तिखट बेताचं. नितीन दोन घास जास्त जेवला. ती गुणगुणत होती.
मला राग आला. मग वाटलं, बारा वर्षांत हिला काय आवडतं ते आपण एकदा तरी विचारलं का? नाय विचारलं.
मॅडम काही आल्या नाहीत.

२८ ऑगस्ट
गणपती घरात. पाहुणे, उकडीचं पीठ, कंबर मोडली. आरतीच्या वेळी सुवर्णा पडवीतून वेगळा नैवेद्य घेऊन आली. कुणी सांगितलं नव्हतं. मंदाने माझ्याकडे बघितलं. मी ताट सरकवून जागा करून दिली. दुसरं काय करणार.
आबांनी डोळे मिटले ते आरती संपेपर्यंत.

९ सप्टेंबर
तो एजंट आज आमच्या पडवीत बसून चहा पिऊन गेला. सुवर्णाच्या चुलीवरचा. आमच्या जमिनीच्या रस्त्याकडच्या तुकड्याला गिऱ्हाईक आहे म्हणे. संध्याकाळी नितीनने विषय काढला, कार्ड वेगळं झालंच आहे, सातबारा पण करून टाकू. हे म्हणाले, अरे, कार्ड काय, ते तर नुसतं...
नितीन माझ्याकडे वळला. “वैनी, तुमीच लिवलंत ना, विभक्त.”


२६ सप्टेंबर
यादी आली. दोघींची नावं गेली. योजना सुरू झाल्यावर फोडलेली कार्डं धरत नाहीत, सगळेच अपात्र. आधी सांगायला काय झालं होतं ह्यांना?
मंदा भांडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, “एकीचं गेलं असतं तर दुसरीचं राहिलं असतं, ताई.”
प्रियाने ह्या महिन्यात पास काढला नाय. घरी अभ्यास करते म्हणते.

६ ऑक्टोबर
तक्रार-फॉर्म आले. घर एकत्र लिहून दिलं तर एकीचे पैसे परत चालू होतील. मॅडम खासगीत म्हणाल्या, एक चूल लिहा आणि मोकळ्या व्हा. उद्या शेवटची तारीख.
मंदा म्हणते, एक लिहा. सुवर्णाला बोलावलं. पडवीतल्या विटा काढून तिने मातीची चूल घातली आहे, शेणाने सारवलेली, कडेला पांढरी रेघ. म्हणाली, “पैसे मंदाताईला द्या. मला नकोत. पण माझी चूल नाय म्हणून लिवू नका.”
तेव्हा दोन लिहिलं ते खोटं होतं. आता एक लिहिलं तर ते खोटं. मंदाच्या पोरीसाठी लिहायला हवं, कळतं मला. उद्या हाच कागद पुढे करून नितीनला वाटणीपासून अडवता पण येईल. आणि सुवर्णा जन्मात माझं तोंड बघणार नाय.
फॉर्म घेऊन बसले होते तर आबा ताट घेऊन मधल्या दारात उभे. इकडे बघतात, पडवीकडे बघतात.
“आज कुठं बसू गो?”
फॉर्म बाजूला ठेवला. त्यांना वाढलं. रकाना अजून कोरा आहे.