हनिमूनची लिंक

११ जानेवारी, रविवार
वसूने तीन वेबसाइट पाठवल्या. रघूची धाकटी बहीण, बंगळुरूला असते, लग्नाची सगळी सूत्रं तिने तिथूनच हातात घेतली आहेत. म्हणे हल्ली कुणी मिक्सर नि चादरी देत नाही, हनिमूनच देतात. सहलीचे तुकडे करून एका पानावर मांडायचे. हॉटेलातली एक रात्र, एक जेवण, बोटीतली फेरी. ज्याला जे द्यायचंय ते त्याने उचलायचं. "वहिनी, तुम्ही फक्त साइट निवडा, बाकी मी भरते." वहिनी म्हणायला लागली आहे.
तिन्ही उघडल्या. दोन्हींवर पाठमोरं जोडपं, समुद्राकडे बघणारं. तिसरीवर काहीच फोटो नाही, ती उगाच गरीब वाटते. वसूला लिहिलं, कुठलीही चालेल.
दुपारी मिरजेहून आईंचा फोन. सुहासच्या आई, माझ्या सासूबाई. तो गेल्यापासून दर रविवारी करतात. गुडघे, नळाचं पाणी, शेजारणीची सून. लग्नाचं सांगणार होते. त्या म्हणाल्या, "तू जेवलीस ना वेळेवर?" मग नाही सांगितलं.

१३ जाने.
ऑ.मध्ये दिवसभर मीटिंगा. मधेच वसूचा मेसेज, साइटवर 'तुमची गोष्ट' असा रकाना आहे, कसे भेटलात ते लिहून द्या, गोड हवं.
कसे भेटलो. सुहास चेन्नईजवळ ओरगडमला कारखान्यात क्वालिटीला होता. रघूचं गिंडीला छोटं वर्कशॉप, त्यांना मापं तपासायची गेजेस करून द्यायचा. सुहास कँटीनमध्ये जेवता जेवता कोसळला. रघू दिवसांना आला होता, दाराशी उभा राहून गेला. नंतर पी. एफ., विमा, गाडी नावावर करणं, जिथे तमिळ लागेल तिथे सोबत आला. वर्षभर तर आम्ही फक्त खिडक्यांसमोरच्या रांगांत बोललो.
यातलं गोड काय ते कळेना. रकाना रिकामा ठेवला.

१५ जाने. पोंगल
रघूकडे. तिरुवान्मियूरला. दारात कोलमची रांगोळी, उसाचे दोन दांडे, त्याच्या अम्मा सकाळपासून चुलीपाशी. ही माणसं तंजावरकडची, पिढ्यान्‌पिढ्या इकडे, पण घरात मराठी. अम्मांची मराठी ऐकताना मला अजून मधेच थांबावं लागतं. आज ताटात डांगर पचडी, उडदाच्या भाजक्या पिठाची, दह्यातली. छान असावी. मी दोनदा घेतली, म्हणजे छान असणार.
वसूने व्हिडिओ कॉलवर साइट समजावली. अम्मा म्हणाल्या, "मज कळत नाहीं गे हें. लग्नांत कुत्तुविळक्कु देतात, चांदीची समई. बोटींत बसायला कोण आहेर करतें?"
वसू: "अम्मा, आता असंच."
"सेरी, बरं. मग मी बोटीचं देतें. पोहायला येतें कीं तुज, केतकी?"
सगळे हसले. मी पण.
निघताना रघू जिन्यात म्हणाला, "मिरजेला सांगितलंस?"
"या रविवारी."

१८ जाने. रवि
नाही सांगितलं. आईंना सर्दी झाली होती, आवाज बसलेला. आजारी माणसाला कशाला, असं मनाशी म्हटलं. पण सर्दी साधीच होती.

२० जाने.
साइट ठरली. वसूनेच ठरवली. जागा बाली. 'तुमची गोष्ट' पण तिनेच लिहिली, त्यात नशीब, चहा आणि पाऊस आहे. चेन्नईत आम्ही एकदाही पावसात चहा प्यालेलो नाही. दुरुस्त करायला सांगितलं नाही. लिंक आली. पुण्याला दादा-वहिनीला पाठवून दिली.

२२ जाने.
वहिनीने लिंक चुकीच्या ग्रुपवर टाकली.
'सुहास-केतकी शुभविवाह' नावाचा ग्रुप आहे. लग्नाच्या वेळी केलेला. कुणी बंद केला नाही, कुणी बाहेर पडलं नाही. शेवटचा मेसेज त्याच्या वर्षश्राद्धाचा. वर गोलात आमचा फोटो, तो फेट्यात. त्याच्या खाली आज 'केतकी आणि रघू, आमच्या हनिमूनला हातभार लावा' आणि बालीचा समुद्र.
वहिनीचा फोन, रडत. "अगं, आपल्या घरच्या ग्रुपवर टाकायला गेले गं. लगेच पुसलं. पण त्यांनी बघितलंय. मिरजेच्या आईंच्या नावापुढे निळं झालं होतं."
मी म्हटलं असू दे. तिला पाणी प्यायला सांगितलं. मग कॉलवर परत गेले, क्लायंटला तारीख दिली, डबा खाल्ला. सं. घरी येऊन कपडे वाळत घातले.

२५ जाने. रवि
फोन नाही आला.

२८ जाने.
रघू वर्कशॉपमधून परस्पर आला, हाताला मशीनवरच्या कूलंटचा वास. लॅपटॉप उघडून दाखवलं, शिकागोच्या चुलत भावाने बोटीची फेरी घेतली, कुणी मसाज. वसू खूश आहे. मी छान म्हटलं.
"बालीला जायचंय तुज?"
"चालेल."
"चालेल नको सांगू. जायचंय कीं?"
"कुठेही चालेल रे मला."
त्याने लॅपटॉप मिटला. एरवी हसला असता, आज नाही. मग म्हणाला, "कुठेही म्हणजे कुणाबरोबरही?"
मला राग यायला हवा होता. आला नाही, हेच त्याला दिसलं असावं. त्याने वसूला फोन लावून सांगितलं, पान बंद कर. ती ओरडत होती, मला इथवर ऐकू येत होतं. याने फोन ठेवला.
"लग्न पण थांबवायचं असलं तर सांग. अम्माला मी बोलतों. तुज कोणी कांहीं बोलणार नाहीं."
मी म्हटलं, "थांबवायचं नाही."
"नक्की?"
"तेवढं नक्की आहे. बाकीचं मला कळत नाही. म्हणजे कळतं, पण लागत नाही."
"सुहास सारांच्या आईला फोन कर," म्हणाला, सुहासला तो अजून 'सार'च म्हणतो, आणि हात धुवायला गेला.

१ फेब्रु. रवि
मीच केला. पूर्ण वाजला, उचलला नाही. परत केला. नाही. दुपारभर पंख्याखाली पडून होते. झोप नाही, विचार नाही. खाली इस्त्रीवाला कुणाशी तरी भांडत होता, त्याचं सगळं ऐकलं.

४ फेब्रु.
सकाळी कंपनीच्या बसमध्ये होते, आईंचा फोन. बुधवारी.
"केतकी, आई बोलतेय."
"हो आई."
"ते बघितलं मी. परत बघायला गेले तर पुसलेलं." मग खोकल्या. "मुलगा तोच ना, सुहासच्या दिवसांना आला होता? जेवायला थांब म्हटलं तर थांबला नाही तो?"
"तोच."
"हं. उंच आहे."
बस सिग्नलला थांबली. शेजारची मुलगी झोपलेली होती.
"मला सांगितलं असतंस तर मी काय म्हणणार होते?"
"माहीत नाही, आई."
"मला पण माहीत नाही. म्हणून रविवारी केला नाही. काहीतरी बोलून बसले असते. तुझा आला तेव्हा फोन हातातच होता."
बस सुटली. त्यांनीच विचारलं, त्यांच्याकडे जेवणाचं कसं, सगळं नारळातलंच का. म्हटलं नाही, मराठीच आहेत ते, तंजावरकडचे, घरात मराठी बोलतात.
"अस्सं? मराठी आहेत? मग बरंय."
मग म्हणाल्या, "एक सांगते. लग्नाला मला बोलावू नकोस. बोलावलंस तर मला यावं लागेल."
आणि ठेवला.
स्टॉप आला, उतरले, गेटवर कार्ड दाखवलं. लिफ्टमध्ये एकदम नाक वाहायला लागलं. डोळे कोरडे, नुसतं नाक. रुमाल नव्हता. ओढणीने पुसलं.

७ फेब्रु. शनि
रघूला सगळं सांगितलं. तो दोनदा म्हणाला, परत सांग, शेवटचं वाक्य परत सांग. मी परत सांगितलं.
"म्हणजे त्यांना यायचंय कीं नाहीं?"
"ते मला कळत असतं तर!"
"तुज काय पाहिजे?"
मी म्हटलं, "समुद्र नको." तो बघत राहिला. मला वेगळंच काही बोलायचं होतं, पण तोंडातून हेच आलं. "समुद्र सुहासबरोबर झालाय. गोकर्णला गेलो होतो आम्ही. डोंगर चालेल. चालेल नाही, हवाय. थंडी हवी. पांघरूण लागेल अशी."
"समुद्र नको, तर मग आधी तिरुवान्मियूर सोडायला पाहिजे," म्हणाला. अम्मांच्या गच्चीवरून समुद्र दिसतो. मला हसू आलं. अम्मांच्या पोहण्याच्या प्रश्नावर हसले होते तसलं नाही. हे आपोआप आलं.
मग मी स्वतः बसून साइट निवडली. तिसरी, बिनफोटोची. तिथे गोष्टीची सक्ती नाही. तरी एक ओळ घातली, 'आम्ही चेन्नईत भेटलो'. जागा कूर्ग. बोट नाही, मसाज नाही. घोंगड्या, शेकोटी, सकाळचा नाश्ता, कॉफीच्या मळ्यातून चालणं. वसूने विचारलं, "एवढंच? पाहुण्यांना द्यायला काही तरी हवं ना वहिनी?" म्हटलं, एवढंच. शिकागोच्या बोटीचं काय ते तू बघ. रुसली आहे. येईल ठिकाणावर.

१० फेब्रु.
आज आईंना फोन केला, ऑ.तून बाहेर येऊन, पार्किंगमध्ये उभं राहून. आधी काही घोकलं नाही.
"आई, लग्न मार्चमध्ये आहे. मी तुम्हाला बोलावतेय."
मागे त्यांचा कुकर शिट्टी देत होता.
"मी काय म्हटलं होतं तुला?"
"ऐकलंय मी ते. तरी बोलावतेय."
"कोण म्हणून येऊ मी? लोक विचारतील, ही कोण, तर काय सांगशील?"
"आई म्हणून सांगीन."
"आई आहे की तुझी, साताऱ्याला."
"ती येणारच आहे. तुम्ही पण या."
कुकरची आणखी एक शिट्टी. गॅस बंद केल्याचा आवाज. मला वाटलं आता ठेवतील. त्या म्हणाल्या, "बघते."
आणि मग गुडघ्यांचं बोलल्या, नव्या डॉक्टरांचं, पाण्याचं. मी हो हो केलं. ठेवताना परत, "बघते गं."
रघूला कळवलं, बघते म्हणाल्या. त्याचा लगेच उलटा मेसेज, म्हणजे हो कीं नाहीं?
काय लिहू. आईंचं 'बघते' सुहासला बरोबर कळायचं. नुसत्या आवाजावरून सांगायचा, हे हो आहे, हे नाही आहे. मी कधी शिकून घेतलं नाही. तो होता, त्यामुळे गरजच नव्हती.