पितृपक्षातला मोडेम

हुबळी,
भाद्रपद वद्य द्वितीया, २००७

ती. स्व. अण्णांस,
हणमंताचा शि. सा. न. वि. वि.

आज सकाळी मी पूजा अर्धी टाकून उठलो. गंध उगाळून झालं होतं, देव ताम्हनात होते, आणि बाहेरच्या खोलीत लेक योगिता टेबलावर डोकं टेकून रडत होती. आपले वडील, अप्पा, गेले त्या वर्षापासून मी पूजेला बसलो, पण मधे उठल्याचं आठवत नाही. आज उठलो. देव तसेच ओले राहिले.

गणपतीला आला होतात तेव्हा केबलच्या वायरीला जोडलेली ती काळी डबी तुम्ही पाहिलीत. डोळे मिचकावणारं मांजर म्हणून तुम्ही तिची थट्टाही केलीत. तोच मोडेम. परदेशातले डॉक्टर रोग्यांबद्दल जे बोलतात त्याची ध्वनिफीत त्यातून येते, योगिता ते ऐकून टाईप करते आणि ठरल्या वेळेत परत पाठवते. आता पाठवता पाठवता मधेच लाईन तुटते. डबी बंद करायची, चालू करायची, पुन्हा पहिल्यापासून. कंपनीने तिला अजून कायम केलेलं नाही. काम उशिरा गेल्याबद्दल एकदा समज मिळाली आहे. पुन्हा तसं झालं तर नाव कमी करू, असं त्यांनी कळवलं आहे.

केबलवाला गणेश म्हणतो, मोडेम बदला. पण पितृपक्ष लागला आहे. तुमच्या कानावर घातल्याशिवाय घरात नवी वस्तू आणणं मला बरं वाटेना. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही, म्हणून हे पत्र अळणावरच्या बसने पाठवतो.

वहिनींना नमस्कार. राधा त्यांच्या गुडघ्याची चौकशी करते.

तुमचा,
हणमंत

*

अळणावर,
भाद्रपद वद्य चतुर्थी

चि. हणमंतास अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. मांजराचा डोळा अधू झाला म्हणून तू देव ओले टाकून उठलास, हे वाचून तुझी वहिनी इतकी हसली की दूध उतू गेलं.

त्या डबीवर राधाने क्रोशाचं झाकण विणून घातलंय, ते मी पाहिलं होतं. टीव्हीला झाकण, फोनला झाकण, आता डबीलाही. भर उन्हात तुला कांबळं पांघरून बसवलं तर तू तरी काम करशील का? आधी ते काढ. आणि गणेशचं काय ऐकतोस, त्याला नवं खपवायचंच असणार.

महाळात नवी वस्तू घरात आणायची नाही. अप्पांनी कधी साधी केरसुणी आणली नाही, तू डबी आणणार? दसरा काही पळून जात नाही.

आणि खरं सांगायचं तर तोवर तिची गरजही उरणार नाही. बेळगावहून योगिताच्या सासऱ्यांचा निरोप आला आहे. झालं गेलं विसरून दसऱ्यानंतर मुलीला न्यायला येतो म्हणतात. फक्त हे टायपिंग बंद व्हावं एवढीच त्यांची अट आहे. मी हो म्हणून कळवलं. किती दिवस माहेरी बसवून ठेवणार? जुनी डबी तेवढे दिवस कशीतरी ओढ.

दशमीला अप्पांचा महाळ आहे. तिघंही आदल्या दिवशी या. येताना केळीची पानं आणू नका, परसात भरपूर आहेत.

अण्णा

*

हुबळी,
भाद्रपद वद्य षष्ठी

ती. स्व. अण्णांस,
सा. न. वि. वि.

झाकणाबद्दल तुमचं बरोबर. आम्ही दोघं ते कौतुकाने घालून बसलो होतो. काढलं तर डबी तव्यासारखी तापलेली. राधा ओशाळली. ते झाकण आता लोणच्याच्या बरणीवर गेलं आहे.

पण झाकण काढूनही लाईन तुटतेच. मी लगेच नवं घ्यायला निघालो नाही, अण्णा. गणेशला बोलावून खांबापासूनची वायर बदलून घेतली. टीव्हीसाठी मधे फाटा काढला होता तो काढून टाकला, म्हणून राधाच्या मालिका बंद आहेत. शेवटी गणेशने स्वतःच्या दुकानातला मोडेम तासभर आमच्या वायरीला लावून दाखवला. त्या तासात एकदाही तुटलं नाही. आमचा पुन्हा लावला आणि पुन्हा तेच. त्याचं म्हणणं, आता लाईन वेगाची झाली आहे, ही डबी जुन्या काळची. बिघाड झाला असता तर दुरुस्त केला असता, पण हिचं वय झालं आहे. तेव्हा बदलायचा की नाही हा प्रश्न संपला. कधी, एवढाच उरला.

महाळाचं म्हणता, तर गेल्या वर्षी याच पंधरवड्यात तुमच्या शेतातल्या पंपाचा पट्टा तुटला होता. तुम्ही त्याच दिवशी धारवाडहून नवा कोरा पट्टा आणलात. मीच पिशवी धरून बरोबर होतो. तेव्हा पितर रागावले नाहीत. भात जळून चाललं असताना कोण थांबतं, असं तुम्हीच म्हणाला होतात. योगिताचं हेच भात आहे.

आता बेळगावचं. मला न विचारता तुम्ही हो म्हणालात, याचं वाईट वाटलं. ती परत आली तेव्हा तिच्या मनगटावर काय होतं ते तुम्ही पाहिलंत. हळद वहिनींनीच लावली. विसरायचं ते त्यांच्याकडे काही नाही, सगळं हिच्याकडे आहे. आणि टायपिंग बंद करा म्हणणाऱ्यांना ते का नको आहे, हे मला खेड्यातल्या शाळेत शिकूनही कळतं. तिच्या हातात काम असेल तर ती नाही म्हणू शकेल. तिला नाही म्हणता यावं, हेच मला हवं आहे.

राग मानू नका असं लिहिणार होतो. माना, पण वाचा.

हणमंत

*

अळणावर,
भाद्रपद वद्य अष्टमी

चि. हणमंतास आशीर्वाद.

पट्टा शेतासाठी होता. शेतातून पितरांच्या पानावर भात येतो. तुझ्या डबीतून काय येतं? परक्या देशातल्या लोकांचे आजार.

पोरीच्या मनगटाचं मला सांगू नकोस. मी तिचा मोठा काका आहे. मलाही रात्री आठवतं. पण गावात लोक मला विचारतात, तुला नाही. तू तिकडे देशपांडे नगरात बसलास, शेजारी कोण राहतो हेही तुला माहीत नसेल.

शेवटचं सांगतो. महाळात ती वस्तू घरात आणलीस तर दशमीला इथे येऊ नकोस. अप्पांच्या पानाला तुझा हात लागणार नाही.

अण्णा

*

हुबळी,
भाद्रपद वद्य दशमी

ती. स्व. अण्णांस,
हणमंताचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल आलं. राधाने वाचलं आणि चूल पेटवली. योगिताला मी ते दाखवणार नव्हतो, पण तिने उचललंच. ती म्हणाली, बाबा, माझ्यापायी आजोबांचं पान सोडू नका, मी कंपनीला दसऱ्यापर्यंत मुदत मागते. आणि मागायला बसली, तर मुदतीचं ते पत्र जाता जाताही लाईन तुटली. ती हसली, अण्णा. रडली असती तर मी कदाचित अजून थांबलो असतो.

आज अप्पांची तिथी. पहाटे अंघोळ करून पूजेला बसलो आणि पूजा शेवटपर्यंत केली. अप्पांना काही विचारलं नाही. माझं ठरलं होतं, ते फक्त सांगितलं. अप्पा, मी तुमचा मुलगा आहे, भावकीला भिऊन वागणारा माणूस नाही, असं म्हणालो. देवापुढे इतकं मोठ्याने मी कधी बोललो नव्हतो. राधा दारात येऊन उभी राहिली.

मग तिने केलेला स्वयंपाक पानावर वाढला. अंबाडीची भाजी, वडे, खीर, अप्पांना आवडायची ती शेंगदाण्याची चटणी. तुमच्याकडे हात लागायचा नसेल तर नसो. इथे लागला. पान गच्चीवर ठेवलं, हात जोडले.

कावळा शिवला का, म्हणून तुम्ही विचाराल. मला माहीत नाही. मी पाहायला थांबलो नाही. खाली उतरलो, चपला घातल्या आणि योगिताला बरोबर घेऊन कोप्पीकर रोडला गेलो. मोडेम तिनेच निवडला. दुकानदार मराठी ओळखून म्हणाला, साहेब, हे दिवस बरे नाहीत, बाजूला ठेवतो, घटस्थापनेला न्या. मी त्याला म्हटलं, बांधून दे, आजच न्यायचा आहे. येताना तिथल्याच बूथवरून बेळगावला फोन लावला आणि योगिता येणार नाही, न्यायला येऊ नका, असं तिच्या सासऱ्यांना तिच्यासमोर सांगितलं. तुमचा शब्द मोडला तो मी, तिने नाही. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.

दुपारी गणेश येऊन जोडून गेला. हळदकुंकू, नारळ काही केलं नाही. योगिता कानाला हेडफोन लावून बसली आहे आणि मी शेजारी बसून हे लिहितो आहे. आत्ताच तिने काम पाठवून मान वर केली आणि सांगितलं, गेलं.

वहिनींना नमस्कार. दार तुम्ही लावलं असलं तरी आमच्याकडचं उघडं आहे.

तुमचा धाकटा,
हणमंत