माझी जागा नीरफणसाला

मी, रितेती, दिवंगत तेबुरेआ यांची पत्नी, राहणार आइआकी गाव, ओनोतोआ बेट, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना आणि सकाळचा चहा पोटात गेल्यावर लिहून ठेवत आहे. पायांची सूज आता गुडघ्यांच्या वर चढली आहे, पण डोके जागेवर आहे. लिहायला बोटे वळत नाहीत म्हणून लेखणी आमच्या चर्चचे पाळक बेनिआमिना यांच्या हाती दिली आहे. शब्द माझे आहेत. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. "दडपण तिचंच आमच्यावर असतं," असे माझा मुलगा उरिआम मागून म्हणाला. तेही लिहून घ्यायला मी पाळकांना सांगितले आहे.

जमिनीची वाटणी मुलांत पूर्वीच झाली, ती तशीच राहावी. राहते घर आणि पावसाच्या पाण्याची टाकी उरिआमची. टाकीची तोटी गळते, हे मी त्याला गेल्या पावसापासून सांगते आहे. मृत्युपत्रात आले म्हणजे तरी दुरुस्त होईल. शिवणयंत्र सुनेला द्यावे. तिची टीप माझ्यापेक्षा सरळ येते. माडाचा रस काढायची तेबुरेआंची सुरी आणि त्यांची कुदळही उरिआमलाच, पण कुदळ आधी माझ्या एका कामाला लागायची आहे. ते काम हेच या कागदाचे मुख्य कारण.

माझी मुलगी आकोइआ लग्न होऊन उत्तरेला बुतारितारी बेटावर गेली. तिकडे पावसाला उसंत नाही आणि नीरफणस झाडाखाली पडून कुजतात. इकडे आमच्या दारचे तिन्ही नीरफणस मागच्या दुष्काळात उभे वाळले. तेव्हापासून आम्ही भात आणि डब्यातले मासे खातो आणि बोटीची वाट बघतो. आकोइआने आपल्या झाडाच्या मुळाला फुटलेले एक रोप डब्यात रुजवले आणि बोटीने आईला पाठवले. सोन्यासारखी मुलगी आहे माझी. बोटीवरच्या खलाशांनी प्यायच्या पाण्यातले पाणी त्याला घातले. त्यांची नावे मला माहीत नाहीत, देव त्यांचे भले करो.

प्रवाळाच्या कड्याबाहेर मोठी बोट थांबली, तेव्हा ते रोप लहान होडीत घ्यायला शेजारचा कातोकिता गेला होता. त्याने अंगातला सदरा काढून रोपाला पांघरला आणि लाटांकडे पाठ करून ते मांडीवर धरून बसला. स्वतः नखशिखान्त भिजला, पानाला मात्र खाऱ्या पाण्याचा थेंब लागू दिला नाही. "काकू, तुमची लेक आली," म्हणत त्याने डबा माझ्यापुढे ठेवला आणि मी सगळ्यांसमोर रडले. पहिले फळ कातोकिताच्या घरी जावे. आकोइआला पाठवू नये, तिच्याकडे ढीग पडले आहेत.

रोप आल्यावर सगळा गाव नवी नवरी बघायला यावा तसा येऊन गेला. प्रत्येकाचे एकच, "अजून लावलं नाहीस?" मी लावू दिले नाही. एवढा प्रवास करून आलेल्या जिवाला आधी सावलीत निवांत बसू द्यावे. काल त्याच्या शेंड्याला नवे पान उलगडले. म्हणजे त्याची इथे राहायची तयारी झाली. आता उशीर नको.

प्रश्न जागेचा आहे. उरिआम म्हणतो, किनाऱ्याकडच्या तुकड्यात लावू. तिथले पाणी मचूळ आहे. महिनाभरात पानांच्या कडा करपतील. आमच्या जमिनीत गोड पाणी फक्त घरामागे, विहिरीजवळ आहे. तिथली माती काळी आहे, कारण तेबुरेआ आयुष्यभर घरचा पालापाचोळा तिथेच टाकत आले. ते स्वतःही तिथेच आहेत. त्यांच्या कबरीभोवती पांढऱ्या दगडांची चौकट आहे, ती दोघांच्या मापाची आहे. उजवी बाजू मोकळी आहे. शेवटच्या आजारात ते म्हणाले होते, "तुझी जागा धरून ठेवतो. घाई करू नकोस."

मी घाई केली नाही. आता ती जागा मी नीरफणसाला देत आहे.

हे ऐकून उरिआम उठून उभा राहिला. "लोक थुंकतील माझ्या तोंडावर. झाडासाठी आईला बापाजवळून हुसकावलं म्हणतील."

"म्हणून तर लिहून ठेवतेय, वेड्या."

"आणि बाबांना काय वाटेल?"

"तुझ्या बाबांना विस्तवावर भाजलेला नीरफणस दिसला की मी शेजारी बसलेय हेसुद्धा कळायचं नाही."

पाळक हसले. उरिआम हसला नाही आणि बाहेर निघून गेला. म्हणून स्पष्ट लिहिते: हा निर्णय एकट्या माझा आहे. यासाठी माझ्या मुलाला कोणी, गावाच्या सभागृहात वा चुलीपाशी, एक शब्दही बोलू नये. तेबुरेआंवर माझा राग नाही. त्यांच्याबरोबर मी सुखात होते, त्यांच्या घोरण्यासकट. त्यांच्याशेजारी पडायला मला फार आवडले असते. पण माझ्या नातवंडांना झाडाची सावली आणि झाडाचे अन्न मिळायचे असेल, तर ते त्या एकाच जागी मिळेल, आणि मी कुठेही मावते. झाडाची मुळे त्यांच्यापर्यंत जातील. जाऊ देत.

मला पश्चिमेकडच्या खडीच्या जमिनीत, माझी नणंद मारेवे हिच्या शेजारी पुरावे. तिथे दुसरे काही उगवत नाही. मारेवेने लग्नाच्या जेवणासाठी माझे मोठे पातेले नेले ते परत आणले नाही, आणि पाण्यावरून ती माझ्याशी जन्मभर भांडली. पण उरिआम तान्हा असताना मी तापाने पडले, तेव्हा तिनेच त्याला आपल्या पोराबरोबर अंगावर पाजले. पुढे तो काहीही चुकला की ती ओरडायची, "माझं दूध पिऊन असा कसा निघाला!" तिच्या उपकारावर माझा मुलगा उभा आहे. तिच्या शेजारी मला कमीपणा नाही. पातेल्याचे आम्ही दोघी बघून घेऊ.

लावण्याची रीत: खड्डा रुंद घ्यावा. तळाशी नारळाची सोडणे, त्यावर माशांचे गंजलेले डबे ठेचून टाकावेत. आमच्या पांढऱ्या मातीत लोखंड नाही, त्याशिवाय पाने पिवळी पडतात. वर कुजलेला पाला. डब्यातून काढताना मुळांभोवतीची माती सुटू देऊ नये. रोप डब्यात जेवढे मातीखाली होते तेवढेच खाली जावे, बुंधा पुरू नये. पाणी विहिरीचेच, संध्याकाळी, हळूहळू. डुकरांसाठी कुंपण. कौतुकापोटी रोज हलवून बघू नये.

इथवर काल लिहून झाले होते. पुढचे आज लिहीत आहे.

आज सकाळी घरामागे कुदळीचा आवाज आला. सुनेच्या आधाराने गेले, तर उरिआमने उजव्या बाजूचे दगड काढून रचून ठेवले होते आणि तो खणत होता. डोळे लाल होते. माझ्याकडे न बघता म्हणाला, "किती खोल घेऊ?"

मी म्हटले, "माझ्याएवढा नको. गुडघ्याएवढा पुरे."

तेव्हा तो हसला, आणि मग कुदळीच्या दांड्यावर कपाळ टेकून रडला. मी त्याला रडू दिले. नंतर मी रोप सरळ धरले आणि त्याने माती लोटली. पाणी घालून झाल्यावर तो माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "आई, तू सांगशील तसं." एवढे ऐकायला मिळाले, मी तृप्त आहे. मुलाचे, सुनेचे, आकोइआचे, शेजाऱ्याचे आणि देवाचे माझ्यावर ऋण आहे आणि ते फेडायला माझ्याकडे हे एक रोप आहे.

शेवटची सूचना. पहिले वर्षभर रोपाला दुपारचे ऊन सोसत नाही. आज दुपारी मी चटई टाकून त्याच्या पश्चिमेला बसले आहे आणि माझी सावली बरोबर त्याच्यावर पडते आहे. मी आहे तोवर रोज इथे बसेन. ज्या दिवशी मला इथून उचलाल, त्या दिवशी आधी या जागी माडाच्या झापांचा आडोसा उभा करावा, मग माझे बघावे.

रितेती हिच्या डाव्या अंगठ्याची निशाणी

साक्षीदार: बेनिआमिना, पाळक, ज्यांनी हे लिहिले
साक्षीदार: ब्वानेआता, शाळाशिक्षक

स्थळ: आइआकी, ओनोतोआ, घरामागे विहिरीजवळ
दिनांक: १४ फेब्रुवारी २०१९