डायलवरचं कुलूप

अण्णा, तुमच्या माघारी फोनची वायर गेली. आता घरात इंटरनेट हवेतून येतं आणि भिंतींना न जुमानता शेजारीही जातं. तुम्हाला हे एक दिवस सहन झालं नसतं. केबलवाल्याने ते बसवताना पासवर्ड म्हणून माझाच मोबाईल नंबर टाकला. "साहेब, विसरणार नाही ना!" मी विसरलो नाही, आणि बिल्डिंगही विसरली नाही. मी सोसायटीचा सेक्रेटरी. पाणी गेलं तर ओरडायला माझा नंबर खाली नोटीस बोर्डावर लावलेला. रविवारी राउटरमध्ये डोकावलो, तर निम्मी बिल्डिंग आमच्या घरात मांडी ठोकून बसलेली. बायको म्हणाली, "बँकेचे व्यवहार तू यावरूनच करतोस ना रे? धन्य आहे!" मग बसलो. लांबलचक नवा पासवर्ड घातला. राउटरच्या आत शिरायचा पासवर्ड कंपनीतून आला तसाच होता, तोही बदलला. सगळे बाहेर.

घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत मजल्यावरचा एकमेव फोन आपला होता, आणि त्याच्या डायलच्या भोकात तुमचं पिटुकलं कुलूप. किल्ली कमरेच्या करदोट्याला. आलेला फोन कुणीही घ्यावा, लावायचा मात्र तुम्ही. ती दुपार आठवते? गावच्या पोस्टातून फोन येतो. आजीचं काही खरं नाही, सारखं आईचं नाव घेतेय. आणि लाइन तुटते. आई डायलमध्ये बोट घालते, ते कुलपाशी अडतं. शेजारच्या काकू म्हणतात, "वहिनी, तोडा ना ते मेलं!" आई म्हणते, "हे ओरडतील." खाली वाण्याकडे फोन आहे, पण तेवढ्यात इथे पुन्हा वाजला तर, म्हणून ती जागची हलत नाही. तो वाजत नाही. संध्याकाळी तुम्ही आलात, आधी चहा मागितलात, मग किल्ली काढलीत. तोवर आजी गेली होती. "फोन लावून म्हातारी वाचली असती काय?" हे तुमचं सांत्वन. वाचली नसती, अण्णा. लेकीचा आवाज ऐकून गेली असती. पुढे कुलूप तुम्हीच काढलंत, पण आईने त्या डायलला पुन्हा बोट लावलं नाही. नंबर आम्ही फिरवून द्यायचो.

रविवारी मी बायकोला नवा पासवर्ड दिला, पोरीला दिला. आई रोज संध्याकाळी गावच्या मावशीशी व्हिडिओवर बोलते. दिवेलागणीला बघतो तर खिडकीशी फोन मांडीवर घेऊन बसलेली, पडद्यावर नुसतं गोल गोल फिरतंय. किती वेळ बसली होती, देव जाणे.

"अगं आई, सांगायचं ना!"

"कुलूप लावलंस मां रे?" ती म्हणाली. "मगे उघडशीत तेवा बोलीन."

तिच्या फोनात पासवर्ड घालताना माझी बोटं दोनदा चुकली. तुम्हाला शिव्या घालायला हे लिहायला बसलो होतो. पाठवायचा प्रश्न नाही, आणि आईलाही दाखवणार नाही. कारण रविवारी दुपारी सगळ्यांना बाहेर काढून मी 'सेव्ह' दाबलं, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, अण्णा. कमरेला हात लावून किल्ली चाचपावी, इतकं बरं.