मागच्या बाकांवरचं तमिळ

रविवार संध्याकाळ, येलहंका

अजून हसू येतंय. स्वल्प लाजही.

आज सिनडचे, म्हणजे आमच्या सगळ्या चर्चांच्या वरच्या सभेचे, अध्यक्ष आमची लुथरन मंडळी पाहायला आले होते. मराठी उपासनेला स्वतंत्र पाळक द्यायचा की नाही, हे आजच ठरणार होतं. आमची घरं जेमतेम नऊ. बाकं रिकामी दिसू नयेत म्हणून आमच्याच चर्चमधल्या सकाळच्या तमिळ उपासनेच्या लोकांना मीच थांबवून घेतलं. चहा-बोंडा माझ्याकडून. मागची बाकं गच्च भरली.

पहिलं गीत सुरू झालं. चाल जुनी, सगळ्या मंडळ्यांच्या तोंडची. लेथच्या आवाजावरून बेअरिंग गेलेलं ओळखणारा माझा कान. दुसऱ्याच ओळीला कळलं, मागची बाकं मनापासून तमिळमध्ये गाताहेत. वर आमच्यापेक्षा सुरात. हे आधी कसं सुचलं नाही मला?

अध्यक्षांनीही ऐकलंच. उपासनेनंतर म्हणाले, "पाटोळे, यातले मराठी किती?"

"नऊ घरं, अय्या. बाकीचे शेजारी, बोलावलं म्हणून बसले."

"बोंड्यासाठी," मागच्या बाकावरून सेल्वी अक्का.

ते हसले. "नऊ घरांना वेगळा पाळक नाही देता येणार. पण तमिळ मंडळीचे पाळक तुमचीही उपासना घेतील."

"त्यांना मराठी येत नाही."

"तुम्हाला येतं ना? शिकवा."

तमिळ पाळक आज संध्याकाळीच वही घेऊन घरी आले. पहिलं वाक्य कोणतं शिकवू, मी विचारलं. जरा विचार करून म्हणाले, "गप्प बसा, प्रवचन चालू आहे."