खाऱ्या वाळूतले बारा किडे

परंडा, कार्तिक शुद्ध चतुर्थी, शके १८६५

चि. विरुपाक्षास अक्काचे आशीर्वाद. तुझी प्रकृती ठीक असेल असे धरून चालते. पत्रात तू किड्यांच्या प्रकृतीविषयी दीड पान लिहिलेस, स्वतःविषयी ओळही नाही. माझी ठीक आहे.

भाऊबीजेला रत्नागिरीहून तू न येता तुझा पत्र्याचा डबा आला. (तू न येण्याचे सलग चौथे वर्ष. हे किडे उधाणातच पाहावे लागतात आणि भाऊबीज नेमकी अमावास्येच्या उधाणात पडते, हे तुझे म्हणणे मी पंचांगात पडताळले. बरोबर आहे.) डबा आणणाऱ्या वाण्याला करोडगिरी नाक्यावर जकातीसाठी अडवले, म्हणून मला जावे लागले. तिथल्या जमादाराने ओल्या वाळूची चिमूट जिभेवर ठेवली आणि "बाई, ये तो नमक है," म्हणून अडून बसला. त्यात जिवंत किडे आहेत असे सांगताच तो चूळ भरायला उठला. परत येईना, तेव्हा मी डबा घेऊन निघाले.

समुद्रापासून दूर ते किती दिवस तगतात यावर तुझा वर्षभराचा अभ्यास अडला आहे, हे मी विसरले नव्हते. खसखशीएवढे बारा किडे मोजले, मिठाचे पाणी शिंपडले, डबा कोनाड्यात ठेवला. काल शाळेतून येऊन पाहते तर नागम्माने (स्वयंपाक करता करता ती आता सगळेच बघते) वाळू चाळून, दोन पाण्यांनी धुऊन, सुपात उन्हाला घातलेली. वर कडुलिंबाचा पाला.

"अक्का, तुमच्या भावाच्या वाळूला लई कीड लागली व्हती. आता वरीसभर बघायला नको."

"आणि कीड कुठं आहे?"

"कशाला ठिवू? शेजारच्या कोंबड्यास्नी टाकली."

रागावता आले नाही. ज्वारीला ती हेच करते आणि मी दरवर्षी शाबासकी देते. डब्यावर 'हात लावू नये' असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. पण तिला वाचायला शिकवायचे अकरा वर्षे राहून गेले आहे, तो दोष माझा.

वाळू स्वच्छ आहे. हवी तर परत पाठवते.

तुझी,
शिवगंगाअक्का

ता. क. अकरा गेले. बारावा झाकणाला आतून चिकटून होता. आज तिसरा दिवस, उत्तम आहे. नागम्मा त्याला "विरूअप्पा" म्हणते. मी मनाई केली आहे, ती ऐकत नाही.

आणखी एक. तो मी पोस्टाने पाठवणार नाही, वाण्याबरोबरही नाही. ओवाळणीचे तबक अजून आवरलेले नाही. अष्टमीच्या सुमाराला भरती मंद असते, असे तूच मागे लिहिले होतेस. वद्य अष्टमीला ये. तोवर त्याला जगवणे माझ्याकडे.