सहाव्या रिळातला आवाज

ता. ४ फेब्रुवारी

ती. वहिनींना,
सा. न. वि. वि.

सोबत पेन ड्राइव्ह पाठवत आहे. तीस वर्षांपूर्वीचा तो आकाशयानाचा सिनेमा आमच्या प्रयोगशाळेत दुरुस्तीला आला आहे, हे मागे कळवलंच होतं. वर्षभर एकेक चित्र धुऊन-पुसून झालं. आता साहेबांना असं कुणीतरी हवं आहे की ज्याने तो तेव्हा पडद्यावर नीट पाहिला आणि ऐकला असेल. इथले पंडित नुसते यंत्रावरचे आकडे बघतात. मी सांगितलं, माझी वहिनी तेव्हा थेटरच्या दारावर तिकिटं फाडायची. अठरा आठवडे, रोजचे तीन खेळ. तिच्याइतका हा सिनेमा दिग्दर्शकानेही ऐकला नसेल.

तुम्ही अजून त्याच थेटरात आहात, तर तिथल्या ऑपरेटरकडून पहिल्या खेळाआधी रिकाम्या हॉलमध्ये लावून घ्या. रंग कसे आहेत, आवाज कसा आहे, खटकेल ते लिहा. सहावं रीळ जरा लक्ष देऊन ऐका. दादाचा आवाज त्यातच आहे. भीड ठेवू नका म्हणून सांगायची गरज नाही. ती तुमच्याकडे कधी नव्हतीच.

तब्येत सांभाळा. धाकट्यावर माया आहे ती तशीच ठेवा.

आपला,
धाकटा

ता. ११ फेब्रुवारी

चि. भावोजींना,
अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं, पेन ड्राइव्हही पोचला. मी चार यत्ता शिकलेली बाई, मला परीक्षक केलंत, तेव्हा आता भोगा.

चित्र फार धुतलंय. अहो, पातेलं घासतात तसं घासलंय. पहिले चंद्राची जमीन दिसायची, आता प्लायवूड दिसतं. तुमच्या दादाने मारलेला खिळान् खिळा मी मोजला. यान त्याने बांधलं तेव्हा त्याला काय माहीत, तीस वर्षांनी धाकटा भाऊ भिंग घेऊन बसणार आहे. नायिकेचा चेहरा तर धुतलेल्या बशीसारखा गुळगुळीत केलाय. तिच्या गालावर देवीचे दोन व्रण होते, ते कुणाला विचारून पुसले? ते आधी परत आणा. आणि रात्र निळी झालीय. तेव्हा काळी होती, जळक्या तव्यासारखी, जराशी तपकिरी. निळी रात्र दिवाणखान्याला शोभते.

यान टांगलेली तार काढलीत ते बरं केलंत. पुढच्या बाकांवरची पोरं ती बघून शिट्ट्या मारायची आणि तुमचा दादा घरी येऊन जेवायचा नाही. सुताराची अब्रू होती ती.

यानाची घरघर आता मागून, बाजूने, चहूकडून येते. मी दोनदा मागे वळून कोण आलं म्हणून खेकसले. ऑपरेटर हसत होता. तेव्हा आमच्याकडे पडद्यामागे एकच भोंगा होता, तोही सर्दी झाल्यासारखा. घरघर पुढूनच येऊ द्या. यान समोर आहे तर आवाज पाठीत का?

आता सहावं रीळ. भावोजी, काय लिहू. यानातलं ते बोलकं यंत्र सगळ्यांना घरी पाठवून स्वतः एकटं मागे राहतं आणि बोलायला लागतं. ऐन वेळी नटाचा घसा बसला आणि सेटवर रंधा मारत असलेल्या सुताराला माईकपुढे उभं केलं, हा किस्सा तुम्हाला पाठच आहे. आणि ते वाक्य आलं, 'आभाल कुणाचं नसतं, म्हणून तिथे कुणी हरवत नाही.' आभाल. ळ काही त्याला जन्मात जमला नाही. केळं नाही केलं, फळी नाही फली. सुतार असून फली. आपण किती छळायचो त्याला, तुम्ही तर पंधरा वर्षांचे, नुसते लोळायचात हसून.

ऑपरेटरला सिनेमा थांबवावा लागला. मी मोठ्याने रडायला लागले होते. अकरा वर्षं झाली त्याला जाऊन, तेव्हाही मी अशी रडले नव्हते, कारण पाहुण्यांना चहा कोण करणार होतं. आपल्याकडे त्याच्या आवाजाचं दुसरं काहीच नाही. लग्नात चित्रफीत नव्हती. ज्या फोनमध्ये त्याचं बोलणं होतं तो मीच वेंधळ्यासारखा मोडीत दिला. आवाज विसरत चालले होते. कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगते.

तर माझा निकाल लिहून घ्या. चित्राला काठावर पास. सहाव्या रिळाच्या आवाजाला पैकीच्या पैकी. अगदी तोच. त्याला हात लावाल तर बघा. आणि तेवढा तुकडा माझ्या फोनवर घालायचं काहीतरी करा.

माया आहे, ती सांगून दाखवायला लावू नका.

तुमची,
वहिनी

ता. १९ फेब्रुवारी

ती. वहिनींना,
सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितो आहे.

सहाव्या रिळातला तो आवाज दादाचा नाही. माझा आहे.

त्या रिळाची आवाजाची पट्टी सडली होती. डबा उघडला तेव्हा आंबूस वासाने डोळ्यांत पाणी आलं. दुसरी प्रत शोधली, कुठेच मिळाली नाही. साहेब कुणी नट बोलावणार होते. मला ते सहन होईना. दादाचा आणि माझा आवाज सारखा. फोनवर तुम्हीच कितीदा मला दादा समजून उशीर का झाला म्हणून झापलं आहे. मग मीच माईकपुढे उभा राहिलो. तो घरी बोलायचा तसं 'आभाल' म्हणालो. ठरवलं होतं, वहिनीने पकडलं तर फेकून द्यायचं. तुम्ही नाहीच पकडलं तर पुढे काय, याचा मूर्खासारखा विचारच केला नाही. तुम्ही रडाल हे तर मनातही आलं नव्हतं.

अजून एक. सडलेल्या पट्टीत नऊ सेकंदांचा एक तुकडा वाचला आहे. नेमकं तेच वाक्य. मागच्या आठवड्यात त्यातली थोडी खरखर उतरवता आली तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आलं. वहिनी, दादा त्यात 'आभाळ' म्हणतो. स्वच्छ ळ. मी शंभर वेळा ऐकलं. म्हणजे मी केलेली नक्कलसुद्धा चुकीचीच.

तो तुकडा सोबत पाठवत आहे. याहून साफ केला तर खरखरीबरोबर दादाही जातो. महिनाअखेर साहेबांना निर्णय हवा आहे: माझा आवाज ठेवायचा, की हे नऊ सेकंद आणि बाकी रीळ मुकं. तुम्ही म्हणाल ते होईल.

क्षमा मागायला तोंड नाही. रागवा, पण परकं करू नका.

आपला,
धाकटा

ता. २७ फेब्रुवारी

धाकट्या,

नमस्कार-आशीर्वाद पुढच्या खेपेला. तू दहा वर्षांचा असताना या घरात आले, तेव्हापासून तुला अहो-जाहो करत आले. आज जमत नाही.

फसवलंस ते वाईटच. पण त्याचा राग दोन दिवसांत उतरला. तुझ्याही भावाचा आवाज सडून गेला होता, ते मला कळतं. राग आहे तो माझ्या कानांवर. पावणेचारशे खेळ मी दारात उभी होते. पावणेचारशे वेळा तो 'आभाळ' म्हणाला आणि मी ऐकलंच नाही. ते वाक्य आलं की मी घरचं आठवून आपलं आपण हसायचे. शेजारच्या बाईला कोपराने ढोसून सांगायचे, हा आमचा, याला ळ येत नाही. तो तिकडे ळ म्हणत होता आणि मी इकडे त्याची बोबडी दाखवत होते.

पहिल्या दिवशी घरी येऊन त्याने मला विचारलं होतं, कसं वाटलं. मी म्हटलं, गर्दी बरी होती. तो जरा थांबला होता. मला वाटलं, भूक लागली असेल, म्हणून ताट वाढलं.

कुणापुढे शिकला असेल तो? रंधा मारताना? लाकडाशी बोलत? मला काहीच माहीत नाही. आणि त्यानंतर एकोणीस वर्षं घरात फलीच म्हणत राहिला. येत असून. केलं दे म्हणायचा, आपण हसायचो, तोही हसायचा. आपल्याला ते आवडायचं म्हणून म्हणायचा की आपण हसणं सोडणार नाही हे ओळखून त्याने नाद सोडला, हे आता कुणाला विचारू?

तुझा तुकडा तीन दिवस उघडला नाही. मग ऑपरेटरकडून लावून घेतला. पत्र्यावर वाळू ओतावी तशी खरखर, आणि तिच्याखालून एक बारीक आवाज. तू सांगितलं नसतंस तर मी ओळखला नसता. पुढचं एकदाच लिहिते: तुझा आवाज मला त्याचा वाटला, आणि त्याचा परका वाटला. बायको म्हणून मी नापास.

निकाल असा. तुझा आवाज काढ. बाकीच्या रिळाला यंत्राची वाक्यं पडद्यावर अक्षरांत लिहा. आणि ते वाक्य आलं की नऊ सेकंद त्याला बोलू द्या, वाळूसकट. लोक कुरकुरतील, पैसे देऊन खरखर ऐकायची का म्हणतील. कुरकुरू देत. त्याने ळ कमावला होता, तो लोकांना तरी ऐकू जाऊ दे.

नऊ सेकंद ऑपरेटरने माझ्या फोनवर घालून दिलेत. सकाळी हॉल झाडायच्या आधी ऐकते. अजून ओळख पटत नाही. रोज ऐकत राहीन.

माया तुटलेली नाही, तेवढी खात्री ठेव. तब्येतीला जप, वेळेवर जेव. मात्र काही दिवस फोन करू नकोस. तू बोलायला लागलास की मला तो आल्यासारखं होतं, आणि मग खरा ऐकू येत नाही. पत्र लिही.

वहिनी